गाव सोडणे आणि गाव सोडावे लागणे
(परागंदा कुटुंबांविषयी एक अभ्यास)

पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कोणत्याही वस्तीत जाऊन “तुमचे मूळ गाव कोणते?” असे विचारले तर उत्तर तत्काळ मिळते. कोणी नांदेडचे, कोणी परभणीचे, कोणी बीड-लातूरकडचे, तर कोणी सोलापूर, बुलढाण्याचे नाव सांगतो. “मग गाव का सोडले?” या दुसऱ्या प्रश्नाला मात्र बहुतेकांचे एकच उत्तर असते : “पोटासाठी.”

हे उत्तर खोटे नाही, परंतु पुष्कळदा ते अपुरे असते. पोट तर गावातही होते. ते गावात का भरेना, हा खरा प्रश्न आहे. पाऊस पडला नाही म्हणून भरेना, की काम देणाऱ्यांनी काम बंद केले म्हणून? की घरातील धान्य कोणी पेटवून दिले म्हणून? गाव सोडणे आणि गाव सोडावे लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत माणूस स्वतःचा निर्णय स्वतः घेतो. दुसरीत तो निर्णय इतरांनी त्याच्यावर लादलेला असतो. हा भेद आपल्या घरात बोलला गेला पाहिजे आणि कागदावर उतरला पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखाचे सांगणे आहे. विद्यार्थी मित्रांनी हा लेख धडा म्हणून वाचावा आणि शेवटी दिलेल्या प्रश्नांची उत्तरे आपल्या घरात शोधावीत.

१. शब्दांचे अर्थ

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. ‘स्थलांतर’ म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी राहायला जाणे. ते खुशीचे असते किंवा नाइलाजाचे. ‘विस्थापन’ म्हणजे राहत्या जागेवरून उठवले जाणे. ‘निर्वासित’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो, पण आंतरराष्ट्रीय कायद्यात त्याचा अर्थ ठरलेला आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशा साधार भीतीने जो आपल्या देशाबाहेर गेला आहे, तो निर्वासित होय. भारताने या करारावर सही केलेली नाही.

यात देशाची सीमा ओलांडणे ही अट आहे. मग आपल्याच देशात, आपल्याच जिल्ह्यात जीव मुठीत धरून पळालेल्या कुटुंबाला काय म्हणावे? त्यासाठी ‘अंतर्गत विस्थापित’ अशी संज्ञा आहे. संयुक्त राष्ट्रसंघापुढे १९९८ मध्ये फ्रान्सिस डेंग यांनी अशा लोकांसंबंधी ३० मार्गदर्शक तत्त्वे मांडली. मनमानीने घरातून हुसकावले जाण्यापासून संरक्षण, विस्थापनाच्या काळात अन्न, निवारा, शिक्षण व ओळखीचे कागद मिळण्याचा हक्क, आणि सुरक्षितपणे व सन्मानाने परत जाण्याचा किंवा दुसरीकडे वसण्याचा हक्क, हे त्यांचे सार आहे. ही तत्त्वे कोणत्याही देशावर कायदा म्हणून बंधनकारक नाहीत. आपल्या देशात या विषयावर स्वतंत्र राष्ट्रीय कायदाही नाही.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे पाहा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक संस्थेच्या हिशोबाप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगभर सुमारे १२ कोटी ३० लाख लोक हिंसा, छळ व संघर्ष यांमुळे घरापासून दूर होते. त्यांपैकी सुमारे ७ कोटी ३५ लाख लोक स्वतःच्याच देशात विस्थापित होते. म्हणजे सीमा ओलांडणाऱ्यांपेक्षा देशातल्या देशात पळणारेच अधिक. आपल्याकडे मणिपूरमध्ये ३ मे २०२३ रोजी उसळलेल्या हिंसाचारानंतर हजारो कुटुंबांना मदत छावण्यांत राहावे लागले, हे ताजे उदाहरण आहे.

आपल्या मराठीत या अवस्थेला ‘परागंदा होणे’, ‘देशोधडीला लागणे’ असे शब्द पूर्वापार आहेत. शब्द जुने आहेत, त्याअर्थी अनुभवही जुना आहे.

२. स्वेच्छेने सोडलेले गाव

आपल्या समाजातील प्रत्येक कुटुंब परागंदा होऊन शहरात आले, असे मात्र नाही. खेड्याच्या व्यवस्थेविषयी बाबासाहेबांचे मत सर्वश्रुत आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याच्या गौरवगाथेला स्पष्ट विरोध केला होता. गावगाड्याची कामे, मेलेली ढोरे ओढणे, दवंडी पिटणे, भाकरीसाठी दारोदार फिरणे हे नाकारून अनेकजण विचारपूर्वक शहराकडे आले. गिरण्या, रेल्वे, खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने व देहूरोडचे लष्करी डेपो यांत त्यांनी काम धरले. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, ती याच भूमीवर.

त्याच वर्षी, १९५४ मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पाठोपाठ या परिसरात टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारी चाकणकडे सरकली. या वाढीने हजारो हातांना काम दिले. जे स्वतःच्या निर्णयाने आले, त्यांचे स्थलांतर हे प्रगतीचे पाऊल होते.

येथे एक मुद्दा विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनातही पडीक सरकारी जमिनीवर अशा वसाहती वसवण्यासाठी वसाहत आयोग मागितला. म्हणजे त्यांनी गाव सोडण्याचा विचार मांडला तो जमिनीसह, सरकारी जबाबदारीसह आणि हक्कासह. रात्रीच्या अंधारात बोचके उचलून पळून जाणे हे त्यांच्या विचारातील स्थलांतर नव्हे. “बाबासाहेबांनीच गाव सोडायला सांगितले होते” असे म्हणून कोणी हिंसेने झालेल्या पलायनाचे समर्थन करील, तर ते दिशाभूल करणारे ठरेल.

३. १९७२ चा दुष्काळ

ज्या स्थलांतराला आपण कष्टप्रद म्हणू, त्याची मोठी लाट १९७२-७३ च्या दुष्काळात आली. पावसाने सलग ओढ दिली आणि मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्राचा अवर्षणप्रवण भाग होरपळला. सरकारने खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते अशी दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. लाल मिलो ज्वारी आणि मुलांना मिळणारी सुकडी आजही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येते. याच अनुभवातून रोजगार हमी योजना पुढे आली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

दुष्काळ सर्वांवर येतो, पण सर्वांवर सारखा येत नाही. ज्याच्याकडे विहीर, बैल, पेव आहे, तो एक-दोन वर्षे तग धरतो. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, तो पहिल्याच हंगामात मोडतो. त्यात ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणीही सुखाने भरता येत नव्हते, त्यांची स्थिती काय झाली असेल? त्याच १९७२ साली आपल्या पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातील बावडा येथे दलित वस्तीवर गावाने सामाजिक बहिष्कार टाकला होता. एकीकडे निसर्गाने पाणी तोडले आणि दुसरीकडे माणसांनी व्यवहार तोडला. त्या सालात शहराची वाट धरलेल्या कुटुंबाने “दुष्काळामुळे आलो” असे सांगितले, तरी त्या एका शब्दाखाली किती गोष्टी दडलेल्या असू शकतात, हे यावरून दिसते.

४. १९७८ : नामांतर आणि जाळपोळ

२७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर लगेच मराठवाड्यात हिंसाचार सुरू झाला. त्या वेळी मराठवाड्यात औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड व उस्मानाबाद असे पाचच जिल्हे होते (जालना, लातूर व हिंगोली नंतर झाले, औरंगाबाद व उस्मानाबाद यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली). शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे पेटवली, धान्य व कपडालत्ता जाळला, गुरे हाकलली, स्त्रियांची विटंबना झाली, पुतळे फोडले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची अमानुष हत्या झाली.

केवळ एका विद्यापीठाच्या नावासाठी हे घडले काय? विद्यापीठाचे नाव हे निमित्त होते. ज्यांनी गावकीची कामे सोडली होती, मुले शाळा-कॉलेजात घातली होती, गायरान जमीन कसायला घेतली होती, मजुरीचा योग्य दर मागायला सुरुवात केली होती, त्यांच्यावर राग आधीच साठलेला होता. म्हणून विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या शेतमजुराचे छप्पर जळाले.

जीव वाचवण्यासाठी कुटुंबे शेतातून, ओढ्यातून तालुक्याच्या गावी आली. काहींनी नातेवाइकांकडे आसरा घेतला, काही पुढे मुंबई-पुण्याकडे निघाली. औरंगाबादहून त्या वेळी मीटर गेज होती. मनमाडला गाडी बदलायची आणि दौंडमार्गे पुण्याला यायचे. लातूर-उस्मानाबादकडची माणसे बार्शी लाइनच्या छोट्या गाडीने कुर्डूवाडीला येत आणि तेथून मोठी गाडी धरीत. पिंपरी-चिंचवडला कारखाने वाढत होते, बांधकामे चालू होती, गावच्या माणसाची ओळख असायची. बिऱ्हाड येथे थांबले.

१९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. अनेकांनी तुरुंगवास सोसला, काहींनी प्राण दिले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. या लढ्याचा इतिहास आपण दरवर्षी सभांतून सांगतो. शहीदांची नावे घेतो, ते योग्यच आहे. परंतु जे मेले नाहीत, जे केवळ उठले आणि निघून गेले, त्यांची नावे कोणत्या यादीत आहेत?

५. हिंसा आणि हलाखी एकमेकांत कशी मिसळतात

येथे कोणी विचारील की, घर जाळले तो प्रकार वेगळा आणि कामासाठी येणे वेगळे. दोन्ही एकत्र का करता? उत्तर असे की, प्रत्यक्ष आयुष्यात ती दोन्ही एकत्रच येतात. त्याचा क्रम साधारण असा असतो.

प्रथम धमकी किंवा मारहाण होते. तक्रार केली तर बहिष्कार पडतो. शेतावर मजुरी मिळत नाही, किराणा दुकानदार माल देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, उसनवारी बंद होते. गायरानावरील उभ्या पिकात गुरे सोडली जातात. पोलीस येतात, चार दिवस थांबतात आणि जातात. गाव मात्र तेथेच असते. दोन-चार महिन्यांत घरातील किडूकमिडूक संपते. मग एके दिवशी कर्ता पुरुष म्हणतो, “येथे आता भागायचे नाही.” आणि कुटुंब निघते. ज्या दिवशी ते निघाले, त्या दिवशी कोणी त्यांना मारले नव्हते. म्हणून नोंद होते ती ‘कामासाठी स्थलांतर’ अशी.

सरकारी तक्त्यानेही हीच सवय लावली. जनगणनेत स्थलांतराचे कारण प्रथम १९८१ मध्ये विचारले गेले. त्या वेळी रकाने होते : नोकरी, शिक्षण, विवाह, कुटुंबाबरोबर येणे आणि इतर. १९९१ मध्ये व्यवसाय व नैसर्गिक आपत्ती यांची भर पडली. २००१ मध्ये नैसर्गिक आपत्तीचा रकाना गेला. हिंसेचा किंवा बहिष्काराचा वेगळा रकाना यांपैकी एकाही जनगणनेत नव्हता. १९७८ ला पळालेले कुटुंब १९८१ ला पिंपरीत मोजले गेले असेल, तर ते ‘नोकरी’त तरी गेले किंवा ‘इतर’मध्ये.

बँकेत काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज शिकायला मिळते : ज्या व्यवहाराची खातेवहीत नोंद नाही, तो व्यवहार झालाच नाही असे धरले जाते. समाजाच्या दुःखाचेही तसेच आहे.

६. नोंद झाली तर काय होते?

याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. आपण ज्याला पिंपरी कॅम्प म्हणतो, ती मोठी बाजारपेठ मुळात फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची छावणी होती. कल्याणजवळच्या छावणीचे उल्हासनगर झाले, तशीच ही वसाहत पिंपरीत वसली. त्या लोकांनीही घरदार, शेतीवाडी, आप्तस्वकीय गमावले होते. त्यांचे दुःख कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु सरकारने त्यांना ‘विस्थापित’ म्हणून ओळखले. १९५० च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवून तपासण्याची सोय झाली आणि १९५४ च्या कायद्याने भरपाई व पुनर्वसनाची. त्यांच्या कष्टाला या नोंदीचा आधार मिळाला व दोन पिढ्यांत त्यांनी व्यापार उभा केला.

त्याच पिंपरीत, रेल्वे रुळांच्या कडेला आणि नाल्यांच्या काठाला मराठवाड्यातून आलेली कुटुंबे पत्र्याच्या झोपड्यांत राहिली. त्यांनाही घरातून पळवून लावलेले होते. पण त्यांनी देशाची सीमा ओलांडलेली नव्हती, आणि सरकारी भाषेत ते केवळ ‘झोपडपट्टीधारक’ होते. मागे राहिलेल्या घराच्या जागेचा, कसत असलेल्या गायरानाचा दावा कोणी विचारला नाही. पुढे १९९१ मध्ये सरकारने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. जे गावात टिकले त्यांना निदान अर्ज करता आला. जे १९७८ ला उठले, त्यांचा ताबाच तुटलेला होता. एका रात्रीच्या पलायनाची किंमत पुढील पिढ्यांनी अशी मोजली.

७. कायदा काय सांगतो?

१९७८ साली १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा होता. तो मुख्यतः अस्पृश्यता पाळण्याविरुद्ध होता. त्यानंतर अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ आला आणि ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्याच वर्षी केंद्रीय कायद्याने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाल्यामुळे या कायद्याचे संरक्षण त्यांना मिळू लागले.

या कायद्यात आपल्या विषयाला थेट भिडणारे कलम आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला तिचे घर, गाव किंवा राहण्याची जागा सोडायला लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मूळ कायद्यात ते कलम ३(१)(पंधरा) होते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, २६ जानेवारी २०१६ पासून, ते ३(१)(झेड) झाले. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत व दंड. सामाजिक व आर्थिक बहिष्कार टाकणे हाही त्याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला. १९९५ च्या नियमांतील तक्त्यात अशा कुटुंबाला राहण्याचा हक्क परत मिळवून देणे आणि घर पाडले-जाळले असल्यास ते सरकारी खर्चाने बांधून देणे नमूद आहे. २०१६ च्या सुधारणेनुसार मदतीची रक्कम एक लाख रुपये आहे.

आणखी एक कलम वाचण्यासारखे आहे. कलम १० प्रमाणे, अत्याचार करील अशी शक्यता असलेल्या व्यक्तीलाच ठरावीक भागातून बाहेर जाण्याचा हुकूम विशेष न्यायालय देऊ शकते. कायद्याची दृष्टी पाहा : गाव सोडायचे ते अत्याचार करणाऱ्याने, सोसणाऱ्याने नव्हे. प्रत्यक्षात आपण उलट पाहतो. सोसणाराच बोचके बांधतो आणि आपणही त्याला “कशाला तेथे राहता? या इकडे” असा सल्ला देतो. जीव वाचवण्यासाठी तो सल्ला कधी आवश्यक असतो. पण त्याबरोबर तक्रार झाली नाही, तर अत्याचार करणाऱ्याला हवे होते तेच आपल्या हातून घडते.

गुन्ह्याला त्याचे योग्य नाव न मिळाल्यास काय होते, हे खैरलांजीने दाखवले. २९ सप्टेंबर २००६ च्या त्या हत्याकांडात खुनाबद्दल शिक्षा झाल्या, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे न्यायालयात टिकली नाहीत. कुटुंबातील एकमेव वाचलेले भय्यालाल भोतमांगे यांना पुन्हा त्या गावात संसार मांडता आला नाही. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. आणि हे सारे दूरच्या जिल्ह्यांतच घडते असेही समजू नये. चाकणहून शिक्रापूर रस्त्याने पुढे गेले की येणाऱ्या सणसवाडी-कोरेगाव भीमा परिसरात १ जानेवारी २०१८ रोजी दगडफेक आणि जाळपोळ झाली, ती आपण सर्वांनी पाहिली.

८. नव्याने आलेल्या कुटुंबासाठी

आजही आपल्या वस्तीत एखादे कुटुंब अचानक येते. सामान थोडे, मुले घाबरलेली, बोलणे तुटक. अशा वेळी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(अ) तक्रार : गुन्हा गावी घडला असला तरी तक्रार येथील पोलीस ठाण्यातही देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. तक्रारीत “गाव सोडायला लावले” हे शब्द स्वच्छ लिहावेत. १४५६६ हा अत्याचारविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक २०२१ पासून सुरू आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते, तिच्याकडेही अर्ज करता येतो.

(आ) मुलांची शाळा : शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष वाया घालवू नये.

(इ) बँक खाते : कागदपत्रे जळाली किंवा गावी राहिली असतील, तरी स्वतः साक्षांकित केलेला फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही अथवा अंगठा यांवर ‘लहान खाते’ उघडता येते. त्यात शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षातील एकूण जमा एक लाखापर्यंत आणि महिन्याला काढायची रक्कम १० हजारांपर्यंत अशी मर्यादा असते. ते प्रथम १२ महिने चालते. त्या अवधीत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास आणखी १२ महिने मिळतात. मजुरी आणि सरकारी मदत खात्यात जमा होणे महत्त्वाचे आहे.

(ई) जातीचा दाखला : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० रोजी किंवा त्यापूर्वी घराणे महाराष्ट्रात कोठे राहत होते, याचा पुरावा लागतो. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातील उतारा, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जुने जमिनीचे कागद असे पुरावे बहुधा मूळ गावातच असतात. मराठवाड्यातील जुन्या नोंदी उर्दूतही सापडतात. गावाशी वैर आले तरी तेथील कागदांवरचा आपला हक्क संपत नाही. विश्वासू माणूस पाठवून किंवा तहसील कार्यालयात अर्ज करून नकला वेळीच मिळवाव्यात.

(उ) शेजार : सर्वात मोठी मदत म्हणजे दोन वेळचे जेवण आणि “काय झाले?” हा प्रश्न शांतपणे विचारणे. हाच न्याय परप्रांतातून आलेल्यांनाही लावावा. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून चाकणच्या कारखान्यांत आलेला प्रत्येक मजूर केवळ जादा पगारासाठी येतो असे नाही. २०२० च्या टाळेबंदीत हेच मजूर मुलाबाळांसह पायी निघालेले आपण पाहिले. काल ज्यांना गावाने ‘बाहेरचे’ ठरवले, त्यांनी आज दुसऱ्याला ‘बाहेरचा’ म्हणणे शोभत नाही.

९. विद्यार्थ्यांसाठी : घरी विचारायचे प्रश्न

प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही घ्यावी आणि घरातील सर्वात वयस्कर माणसाजवळ बसावे. घाई करू नये. सांगणाऱ्याला त्रास होत असेल तर थांबावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

१) आपले गाव, तालुका व जिल्हा कोणता? गावातील आपली वस्ती कोठे होती?
२) घर कोणाच्या नावावर होते? शेती, गायरान किंवा इनामाची जमीन होती काय? आज तेथे कोण आहे?
३) गाव कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात सोडले? साल आठवत नसेल तर कोणती घटना आठवते : दुष्काळ, निवडणूक, नामांतर?
४) सोडण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत काय काय घडले? काम कधी बंद झाले? पाणी, दळण, दुकान सुरू होते काय?
५) कोणकोण बरोबर निघाले? कोण मागे राहिले?
६) प्रथम कोठे थांबलो? कोणी आसरा दिला?
७) पोलिसांत तक्रार झाली होती काय? कागद आहे काय?
८) परत जावेसे कधी वाटले? का गेलो नाही?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वात महत्त्वाचे. “पोटासाठी आलो” या वाक्याच्या आधी काय घडले, ते तेथेच सापडते. बायकांना हे प्रश्न वेगळे, एकांतात विचारावेत. पुरुष साल आणि गाडी सांगतात; चुलीवर त्या दिवशी काय होते आणि निघताना काय उचलले, हे आजीच सांगते. लिहून झाल्यावर खाली तारीख घालावी, सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा आणि एक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवावी. नावे उघड करणे कोणाला जोखमीचे वाटत असेल तर त्या इच्छेचा मान राखावा.

१९७८ साली जे विशीत होते ते आज सत्तरीकडे झुकले आहेत किंवा ती ओलांडून गेले आहेत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी हे प्रश्न विचारायला माणसेच उरणार नाहीत. २०११ नंतरची जनगणना २०२७ मध्ये होणार असल्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. प्रगणक दारात येईल आणि येथे येण्याचे कारण विचारील, तेव्हा घरातील मोठ्यांनी ते विचारपूर्वक सांगावे. त्याच्या तक्त्यात योग्य रकाना असो वा नसो, आपल्या वहीत तो असला पाहिजे.

गावाविषयी मनात वैर धरून बसावे असा या लेखाचा हेतू नाही. गावात चांगली माणसेही होती. कोणी रात्री भाकरी दिली, कोणी गोठ्यात लपवले, कोणी स्टेशनपर्यंत बैलगाडी जुंपली. त्यांचीही नावे याच वहीत यावीत. जे झाले ते जसेच्या तसे लिहिणे हा सूड नव्हे, तो हिशोब आहे. आणि हिशोब चोख असला, तरच पुढच्या पिढीला आपले मूळ गाव लाज न बाळगता आणि न घाबरता सांगता येईल.